दुसऱ्यांदा कोरलेली दाढ : फिरते बर आणि हातातील हत्यारे यांच्या निवडीचा प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण नाशिकमधील एका खासगी दंतचिकित्सालयातील असून रुग्णाच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून ते येथे मांडले आहे. प्रकरण दुर्मिळ मुळीच नाही. जुनी चांदी कडेला तुटलेली, तिच्याखाली पुन्हा कीड लागलेली आणि दोन दाढांच्या फटीत अन्न अडकणारी अशी दाढ कोणत्याही दवाखान्यात वरचेवर समोर येते. तरीही ते सविस्तर लिहावेसे वाटले, कारण एकाच दाढेवर काम करताना एअरोटर (बर म्हणजे कापणारे छोटे टोक हवेच्या दाबाने अतिवेगाने फिरवणारे यंत्र), मायक्रोमोटर (तेच काम कमी वेगाने करणारे विजेवरचे यंत्र) आणि हाताने चालवायचे हत्यार यांपैकी कोणते उचलायचे हा निर्णय येथे टप्प्याटप्प्याला नव्याने घ्यावा लागला, आणि त्या निर्णयामागची कारणे पदवीच्या वर्गात शिकवली जात असली तरी प्रत्यक्ष खुर्चीजवळ ती सहसा कोणी बोलून दाखवत नाही.

रुग्ण चाळिशी ओलांडलेले गृहस्थ, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत सरफेस ग्राइंडिंग मशीनवर काम करणारे. खालच्या डाव्या बाजूला मेथीची काडी किंवा मटणाचा धागा अडकतो आणि काडीने कोरल्याशिवाय निघत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार होती. थंडीच्या दिवसांत पहाटेच्या पाळीला निघताना नळाच्या पाण्याने चूळ भरली की दाढ सणकते, पण ती कळ क्षणभराचीच असते, असेही त्यांनी सांगितले. रात्री झोपमोड करणारे दुखणे नव्हते आणि गरम चहाने त्रास होत नव्हता.

तपासणीत खालच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेत, म्हणजे दातांना क्रमांक देण्याच्या एफडीआय पद्धतीनुसार ३६ क्रमांकाच्या दाढेत, चावण्याच्या पृष्ठभागावरून मागच्या बाजूला उतरलेले अमाल्गमचे, म्हणजे चांदी-पाऱ्याच्या मिश्रणाचे, जुने भरण आढळले. हिरडीलगतच्या कडेशी ते तुटले होते आणि दोन दाढांमधून फ्लॉस (फटी साफ करायचा धागा) कोणत्याही अडथळ्याविना सरकन खाली जात होता. बाइटविंग क्ष-किरण चित्रात (ज्यात दाढांमधल्या फटी दिसतात) भरणाच्या तळाशी काळसर छाया डेन्टिनच्या, म्हणजे इनॅमल या बाहेरच्या कठीण कवचाखालच्या थराच्या, मधल्या भागापर्यंत पोचलेली दिसली. गार चाचणीला दाढेने झटकन प्रतिसाद दिला आणि उद्दीपन काढताच तो थांबला; ठोकून पाहता दुखत नव्हते. पल्पचा, म्हणजे दाताच्या आतील जिवंत गाभ्याचा, दाह परतवता येण्याजोगा आहे असे निदान करून दाढ वाचवण्याचा, जुने भरण काढून कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण) भरण्याचा निर्णय घेतला.

या तपासणीतील सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र ३६ चा नव्हता. शेजारच्या, म्हणजे मागच्या, ३७ क्रमांकाच्या दाढेच्या पुढच्या पृष्ठभागावर एक सरळ, उभा, स्पष्ट कडांचा चरा होता. त्याची उंची ३६ च्या जुन्या खोक्याच्या (दोन दाढांमधल्या बाजूला भरणासाठी कोरलेल्या चौकोनी पोकळीच्या) उंचीशी तंतोतंत जुळत होती, आणि क्ष-किरण चित्रात त्याच जागी इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्या भागात कीड सुरू झाल्याची फिकट खूण होती. निसर्गतः असा चरा पडत नाही. पहिल्या वेळी ३६ चे खोके कोरताना फिरत्या बरची कड शेजारच्या दाढेला लागली होती. हे काम कोणी केले याला येथे महत्त्व नाही, कारण अशी इजा अपवादाने होत नाही. दोन दातांच्या मधल्या पोकळ्या कोरताना शेजारच्या दाताला किती वेळा धक्का लागतो हे तपासणाऱ्या अभ्यासांत निम्म्याहून अधिक दातांवर खुणा सापडल्या आहेत. इनॅमलचा सर्वांत बाहेरचा थर फ्लोराइडने समृद्ध आणि आम्लाला सर्वांत चिवट तोंड देणारा असतो. तो एकदा खरवडला गेला की तेथे खडबडीत जागा तयार होते, प्लाक (जिवाणूंचा चिकट थर) साचतो, आणि ब्रश तर तेथे कधीच पोचत नाही.

असे का घडते हे साध्या हिशेबाने कळते. दाढेच्या बाजूच्या भिंतीवर इनॅमलची जाडी साधारण एक ते दीड मिलिमीटर असते. नेहमीच्या २४५ क्रमांकाच्या कार्बाइड बरचा व्यास टोकाशी ०.८ मिलिमीटर, आणि डोक्याची लांबी ३ मिलिमीटर. एअरोटर मिनिटाला तीन ते चार लाख फेरे घेतो. चक (बर धरून ठेवणारी पकड) झिजला असेल किंवा बरचा दांडा किंचित वाकडा असेल तर बर आपल्या अक्षाभोवती नेमके न फिरता थोडे भोवंडते आणि प्रत्यक्षात स्वतःच्या व्यासापेक्षा मोठी जागा कापते. हा रनआउट ०.०२३ मिलिमीटरच्या आत राहावा अशी अपेक्षा आहे, आणि जुन्या हँडपीसमध्ये (बर बसवलेल्या हातातील भागात) तो सहज त्यापलीकडे जातो. शेजारचा दात आणि बर यांच्यामध्ये उरलेली जागा एका नखाच्या जाडीएवढीही नसते. महाविद्यालयात फँटम हेडवर (कृत्रिम डोक्यावर) सराव करताना प्लास्टिकचा शेजारचा दात खराब झाला तर स्क्रू काढून नवा बसवता येतो, आणि आमच्या मते बेफिकिरीची सवय तेथेच लागते.

पूर्वतयारी म्हणून अधोहनु चेतेला २ टक्के लिग्नोकेनचा, १:८०,००० अॅड्रेनॅलिन असलेल्या द्रावणाचा ब्लॉक दिला, रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावला आणि ३६ व ३७ यांच्यामध्ये पोलादी पट्टी जोडलेली पाचर सरकवली. ही पट्टी बर चुकून पुढे गेले तर पहिला घाव स्वतःवर घेते. पण ती पातळ असते आणि एअरोटरपुढे फार वेळ टिकत नाही. पट्टी लावली म्हणून निर्धास्तपणे बर चालवणे हा तिचा गैरवापर होय.

जुने अमाल्गम काढण्यासाठी नवे, आडव्या खाचा असलेले ५५७ क्रमांकाचे कार्बाइड बर घेतले. सहायक डॉक्टरांनी ट्रेवर हिऱ्याचे बर मांडून ठेवले होते आणि ते का नको हे त्यांनी विचारले. कार्बाइड बरला पाती असतात. ती धातूची कपची काढून बाहेर टाकतात. हिऱ्याच्या बरवर असंख्य कण बसवलेले असतात आणि ते घासून कापतात. ठिसूळ इनॅमलवर ते उत्तम चालते, पण मऊ धातूवर कणांमधील मोकळी जागा भरून जाते, बर कापायचे सोडून केवळ घासू लागते आणि उष्णता वाढते. हे संभाषण तोंड उघडे ठेवून ऐकत असलेल्या रुग्णाने काम थांबल्यावर सांगितले, "डॉक्टर, आमच्याकडे अॅल्युमिनियमवर चुकीचं व्हील लावलं की तेही असंच भरून बसतं. मग जॉब जळतो." त्यांच्या ग्राइंडिंग व्हीलचे आणि हिऱ्याच्या बरचे हे साम्य इतके नेमके आहे की विद्यार्थ्यांना समजावताना आम्ही आता तेच उदाहरण देतो.

अमाल्गम भुकटी करून न काढता मधोमध चर पाडून तुकड्यांत काढले, भरपूर पाणी आणि मोठ्या तोंडाचे सक्शन ठेवून, जेणेकरून पाऱ्याची वाफ आणि धूळ कमीत कमी निर्माण व्हावी. मागच्या खोक्यात मात्र बर शेवटपर्यंत नेले नाही. ३७ कडील बाजूला अमाल्गमचा एक पातळ पापुद्रा मुद्दाम शिल्लक ठेवला आणि तो चिझलने (छिन्नीसारख्या हातातील हत्याराने) दाबून आतल्या बाजूला मोडून काढला. या एका कृतीला अर्धे मिनिटही लागत नाही. बर त्या पापुद्र्यातून आरपार नेले असते तर वाचलेला वेळ तेवढाच, आणि त्याची किंमत पुन्हा ३७ ने मोजली असती.

यानंतर कीड काढण्याचा टप्पा. येथे एअरोटर बाजूला ठेवला. त्याच्या वेगात हाताला मऊ आणि कठीण डेन्टिनमधील फरक जाणवतच नाही. आणि कुठे थांबायचे हे सांगणारी एकमेव खूण तोच फरक असते. मायक्रोमोटरला कमी वेगावर ६ क्रमांकाचे गोल बर लावून, हलक्या हाताने, आधी कडेची कीड काढली. इनॅमल आणि डेन्टिन यांच्या सांध्यावर सर्व बाजूंनी कठीण, स्वच्छ डेन्टिन लागेपर्यंत काम केले, कारण भरणाची सीलबंदी त्या पट्ट्यावरच अवलंबून असते. पल्पच्या बाजूच्या भिंतीवर मात्र बर थांबवून मोठ्या आकाराचा स्पून एक्स्कॅव्हेटर (चमच्यासारख्या टोकाचे हातातील हत्यार) घेतला. लहान स्पून अधिक सुरक्षित असेल असे नवख्यांना वाटते, परंतु वस्तुस्थिती उलट आहे: लहान टोकावर दाब एकवटतो आणि ते पल्पमध्ये शिरण्याची शक्यता वाढते, तर रुंद पाते मऊ थर पापुद्र्याप्रमाणे सोलून काढते. स्पून किडीच्या काठापासून सुरू करून मध्याकडे फिरवावा, मध्यात टोचून उचलू नये. मऊ, ओलसर डेन्टिन निघाल्यावर खाली चामड्यासारखा चिवट थर लागला. तो तेथेच ठेवला. तो पूर्ण काढण्याच्या नादात निरोगी पल्प उघडा पाडण्यापेक्षा वरून घट्ट सील करून तो बंद करणे हिताचे आहे, हे गेल्या काही दशकांत बऱ्यापैकी सर्वमान्य झाले आहे.

खरा विचार करावा लागला तो खोक्याच्या तळाशी, हिरडीलगतच्या कडेवर. कीड काढल्यानंतर तेथे इनॅमलची एक पातळ, खालून डेन्टिनचा आधार नसलेली कड उरली होती. कायमच्या दाढांमध्ये या जागी इनॅमलचे दंडक (इनॅमल ज्यांचे बनते ते सूक्ष्म दांडे) बाहेरच्या दिशेने जाताना किंचित हिरडीकडे झुकलेले असतात. त्यामुळे तळ अगदी सपाट कापला तर बाहेरच्या टोकाचे काही दंडक निराधार राहतात. कॉम्पोझिट घट्ट होताना आकसते, या कच्च्या दंडकांना आपल्याबरोबर ओढते, ते तुटतात आणि कडेला पांढरी रेघ व पुढे फट तयार होते. अमाल्गमसाठी येथे ठळक उतार देण्याची पद्धत होती. कॉम्पोझिटसाठी तेवढा उतार नको, पण निराधार दंडक काढलेच पाहिजेत.

सहायक डॉक्टरांचे मत होते की बारीक कणांच्या हिऱ्याच्या बरने ही कड एका झटक्यात गुळगुळीत होईल. केवळ टोकाने कापणारे बर वापरण्याचाही पर्याय त्यांनी सुचवला, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता, कारण अशा बरच्या बाजू कापत नसल्याने पल्पकडील भिंत सुरक्षित राहते. तरीही आम्ही दोन्ही नाकारले. त्याचे पहिले कारण शेजारची ३७, जिच्यावर आधीच एक चरा होता आणि पोलादी पट्टी तोपर्यंत एका जागी फाटली होती. दुसरे कारण पाण्याचे, आणि आमच्या मते ते अधिक गंभीर असूनही त्याचा विचार सर्वांत कमी होतो. एअरोटरच्या डोक्यातून निघणारे फवारे बरच्या टोकाकडे रोखलेले असतात खरे. पण खोके खोल असले, दाढेचे उंचवटे आणि पोलादी पट्टी आडवी आली, की पाणी वरच अडते आणि तळाशी बर कोरडेच फिरत राहते. मिनिटाला ५० मिलिलिटर पाणी मोजून घेतले तरी ते टोकापर्यंत पोचले नाही तर त्याचा उपयोग शून्य. झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर केलेल्या प्रयोगात पल्पचे तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढताच सुमारे १५ टक्के दातांतील पल्प परत सावरू शकला नाही. आधीच सणकणाऱ्या या दाढेच्या पल्पवर ती जोखीम लादण्याचे काही कारण नव्हते. हाताच्या हत्याराला पाणी लागत नाही, कारण त्याने उष्णताच निर्माण होत नाही. तिसरे कारण दिसण्याचे: फवारा चालू असताना त्या खोलीवर आरशात काहीच स्पष्ट दिसत नाही आणि फवारा बंद करून बर फिरवणे तर निषिद्धच.

म्हणून जिंजायव्हल मार्जिन ट्रिमर (हिरडीलगतची कड तासण्याचे हातातील हत्यार) मागवला. ट्रेमधून निघालेल्या जोडीच्या दांड्यावरील दुसरा आकडा ८० होता, म्हणजे ती जोडी दाढेच्या पुढच्या, मेसियल बाजूसाठी होती. ती परत ठेवून दुसरे निर्जंतुक पाकीट उघडले.

येथे आकड्यांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण दांड्यावर कोरलेले हे आकडे परीक्षेपुरते पाठ करून विसरले जातात. जी. व्ही. ब्लॅक यांनी पायाने चालवायच्या यंत्रांच्या काळात हे सूत्र घडवले. तीन आकड्यांच्या सूत्रात पहिला आकडा पात्याची रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या भागांत, दुसरा पात्याची लांबी मिलिमीटरमध्ये आणि तिसरा पात्याचा दांड्याच्या अक्षाशी असलेला कोन सांगतो. तो कोन पूर्ण वर्तुळाचे १०० भाग पाडून मोजतात. इनॅमल हॅचेट या कुऱ्हाडीसारख्या पात्याच्या हत्यारावर १०-७-१४ असे असेल तर पाते १ मिलिमीटर रुंद, ७ मिलिमीटर लांब आणि सुमारे ५० अंशांत वळलेले आहे. पात्याची धार पात्याला काटकोनात नसेल तेव्हा धारेचा कोन दुसऱ्या स्थानी घालून सूत्र चार आकड्यांचे होते. मार्जिन ट्रिमरमध्ये हा दुसरा आकडा ९० ते १०० असेल तर जोडी डिस्टल म्हणजे मागच्या बाजूची, ७५ ते ८५ असेल तर पुढच्या बाजूची. चुकीची जोडी वापरली तर धार उलट्या दिशेला झुकते, आणि जी कड आधार देऊन सांधायची ती आणखी पोखरली जाते. आमच्या प्रकरणात मागची कड हवी होती आणि उतार सौम्य हवा होता, म्हणून ९० च्या जवळची जोडी योग्य ठरली.

नव्या जोडीची धार आधी तपासली. अॅक्रिलिकच्या दांडीवर धार टेकवून हलकेच सरकवली असता ती अडकली पाहिजे. घसरली तर हत्यार बोथट आहे. बोथट ट्रिमरला जोर द्यावा लागतो, जोर दिला की हात सुटतो, आणि सुटलेला हात हिरडीवर किंवा शेजारच्या दातावरच जातो. कार्बन स्टीलच्या हत्यारांना धार चांगली येते पण ऑटोक्लेव्हच्या वाफेत ती गंजतात. स्टेनलेस स्टील गंजत नाही, मात्र त्याची धार लवकर जाते. यावर उपाय एकच: वापरानंतर स्वच्छ करून अर्कान्सा दगडावर तेल घालून पात्याचा मूळ उतार कायम ठेवत धार लावावी आणि त्यानंतरच हत्यार पाकिटात घालून निर्जंतुकीकरणास पाठवावे. बर महिन्याच्या हिशेबात बदलले जाते, हँडपीसची दुरुस्ती वेळेवर होते. ट्रिमर मात्र विकत घेतलेल्या दिवसापासून एकदाही दगडाला न लागलेला, असे चित्र अनेक दवाखान्यांत दिसते. हाताची हत्यारे कालबाह्य झाली असे म्हणणाऱ्यांनी शेवटची धारदार ट्रिमर कधी हाताळली होती हे विचारून पाहावे.

सुधारित पेन-पकडीत, अनामिका शेजारच्या दातांवर घट्ट टेकवून, ट्रिमर खोक्याच्या तळावर गालाकडून जिभेकडे आणि परत असा खरवडीच्या लहान हालचालींनी फिरवला. निराधार इनॅमलची भुकटी निघाली आणि कड आरशात एकसंध, मॅट दिसू लागली. गालाकडील व जिभेकडील भिंतींच्या कडा हॅचेटने वरून खाली तासून घेतल्या. चावण्याच्या पृष्ठभागावरील कडा मात्र पुन्हा एअरोटरला बारीक कणांचे, लाल पट्टीचे हिऱ्याचे बर लावून भरपूर पाण्याखाली गुळगुळीत केल्या. तेथे पाणी पोचते, नजर पोचते आणि शेजारी कोणी नाही, त्यामुळे तेथे हात चालवत बसणे हा निव्वळ वेळेचा अपव्यय ठरला असता. एकाच बाजूला हिऱ्याचे कण असलेली आणि फिरण्याऐवजी कंप पावणारी टोके हा हिरडीलगतच्या कडेसाठी चांगला मधला मार्ग आहे, कारण त्यांची शेजारच्या दाताकडील बाजू गुळगुळीत असते. ज्यांच्याकडे ते यंत्र आहे त्यांनी ते जरूर वापरावे. प्रत्येक दवाखान्याला ते परवडत नाही, आणि तळाशी पाणी पोचण्याची अडचण तेथेही थोडीफार उरतेच.

भरण्याचा भाग नेहमीचा होता. इनॅमलच्या कडा फॉस्फोरिक आम्लाने एच (खडबडीत) केल्या, बाँडिंग (चिकटवणारे द्रव्य) लावले, विभागीय मॅट्रिक्स (भरणाला आकार देणारी पातळ पट्टी), पाचर व रिंग बसवून सुमारे २ मिलिमीटरच्या थरांत कॉम्पोझिट भरून क्युअर (प्रकाशाने घट्ट) केले.

मॅट्रिक्स लावण्यापूर्वी, ३६ ची पोकळी अजून उघडी असताना, ३७ चा चरा हाताळला. एरवी दोन दाढांमधला हा पृष्ठभाग कधीच डोळ्यांसमोर येत नाही. शेजारचे खोके रिकामे असते तेवढ्या वेळातच तो सरळ दिसतो, आणि ही संधी सोडणे योग्य नव्हते. एक्सप्लोररचे (तपासणीच्या अणकुचीदार हत्याराचे) टोक न खुपसता, फक्त पुसून आणि वाळवून पाहिले असता पृष्ठभाग खचलेला नव्हता, पोकळी झालेली नव्हती. तेथे बर लावण्याचा मोह टाळला. चऱ्याच्या कडा बारीक फिनिशिंग पट्टीने मऊ केल्या, जेणेकरून फ्लॉस त्यात अडकून फाटणार नाही, आणि ५ टक्के सोडियम फ्लोराइडचे व्हार्निश लावले. रुग्णाला त्या जागेसाठी रोज रात्री फ्लॉस करण्यास सांगितले. यंत्राच्या देखभालीची सवय असलेल्या त्या गृहस्थांना हे समजावण्यासाठी फार शब्द खर्च करावे लागले नाहीत.

आठवड्यानंतर गार पाण्याची कळ कमी झाली होती. सहा महिन्यांनी तपासले तेव्हा ती पूर्ण थांबलेली होती, फ्लॉस दोन दाढांमधून टिचकी वाजवून उतरत होता, आणि अन्न अडकत नव्हते. त्या वेळच्या बाइटविंगमध्ये ३६ च्या हिरडीलगतच्या कडेला फट दिसली नाही. ३७ मधील फिकट खूण आधीएवढीच होती, वाढलेली नव्हती. व्हार्निश पुन्हा लावले आणि पुढचे क्ष-किरण चित्र वर्षाने घेण्याचे ठरवून नोंद केली.